पात्यावरचा शिकारी

दसरा उलटला की आमच्या गावाला पाहुण्यांचे वेध लागतात. पुण्यामुंबईची मंडळी दिवाळीच्या सुट्टीत अजिंठा-वेरूळ करावयास निघतात आणि त्यांतली निदान दोन बिऱ्हाडे दरसाल आमच्या दारात वहाणा काढतात. २०२३ साली औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले. पाहुण्यांचे प्रश्न मात्र तेच राहिले. अजिंठा सोमवारी बंद की मंगळवारी? (अजिंठा सोमवारी, वेरूळ मंगळवारी. हे मी आता झोपेतही सांगतो.) हिमरू शाल खरी कोणती? आणि मंडळी जरा धीट असली तर, "कन्नडच्या डोंगरात म्हणे बिबट्या आहे?"

बिबट्या आहे. सापही आहेत. अस्वलाविषयीही विचारणा होते. पण इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याने मला गोचिडीविषयी विचारलेले नाही.

वाचकहो, नाक मुरडू नका. फराळाच्या ताटाशेजारी गोचीड आणून ठेवणे सभ्यपणाचे नव्हे, हे मलाही कळते. परंतु मराठी सारस्वतात तिचा प्रवेश काही आजचा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात गाईच्या कासेला चिकटलेली गोचीड आहे. कातडीच्या एका पडद्याआड पवित्र, गोड दूध असताना ती ते टाकून रक्तच पिते, असा तो दृष्टान्त. वर्गात तो शिकवताना मी मुलांना नेहमी सांगत आलो की, हा दृष्टान्त ग्रंथात वाचून सुचलेला नव्हे. गोठ्यात गाईच्या पाठीवरून हात फिरवलेल्या माणसाचा आहे. ज्ञानदेवांचे आपेगाव आमच्याच जिल्ह्यातले, पैठणपासून हाकेच्या अंतरावरचे. सातशे वर्षांपूर्वी या मुलखात गुरे होती, गवत होते आणि अर्थातच गोचिडी होत्या. मुलखातले वाघ गेले; ती राहिली.

हा मुलूख शिकाऱ्यांचाच. अजिंठ्याची लेणी जगापुढे आली ती मुळी वाघाच्या शिकारीमुळे. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा मद्रासकडचा एक घोडदळाचा अधिकारी वाघूर नदीच्या घळीत शिकारीला आला आणि वाघाऐवजी त्याच्या नजरेला एक कमान पडली. दहाव्या लेण्यात त्याने आपले नाव आणि तारीख कोरून ठेवली. इतक्या सुंदर भिंतीवर नाव कोरण्याची हौस तेव्हापासूनची आहे म्हणायची. पुढे कन्नडहून चाळीसगावला उतरणाऱ्या घाटाला ज्याचे नाव पडले तो जेम्स औट्रम खानदेशात भिल्ल पलटण उभारण्यासाठी आला होता. पण त्याची कीर्ती झाली ती वाघांच्या शिकारीसाठी. मग निजामाच्या सरदार-जहागीरदारांच्या शिकारी आल्या, मचाणे आली, हाके आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या साऱ्याला लगाम घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलासुरला परवानाही संपवला. १९८६ साली औट्रम घाटाभोवतालच्या सातमाळ्याच्या डोंगरांचे गौताळा-औट्रमघाट अभयारण्य झाले. वाघ मारणाऱ्याचे नाव जनावरांना अभय देणाऱ्या रानाला! इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे कोण म्हणतो?

शिकार संपली तरी शिकारीची हौस संपत नाही. हत्यार तेवढे बदलते. आमचे एक मित्र पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आहेत. ते आठवडाभर वर्गात प्रकाशाचे नियम सांगतात आणि रविवारी हातभर लांब भिंग लावलेला कॅमेरा घेऊन पाखरांच्या पाठीमागे झुडुपांतून सरपटतात. माझी शिकार निराळी. मी शिलालेखांच्या मागे असतो. पाटणादेवीच्या देवळातला शके ११२८ चा लेख मला डोळ्यांनी पाहावयाचा होता. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला त्याची नोंद त्यात आहे. आणि संस्कृत मजकूर संपल्यावर शेवटी मठाला कोणत्या मालावर किती मिळावे याचा हिशेब चक्क मराठीत आहे. देवाधर्माचे संस्कृतात आणि पैशाअडक्याचे मराठीत! माझ्यासारख्याला याहून मोठा वाघ कोणता?

तेव्हा गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी बेत ठरला. पहाटे गाडीने कन्नडमार्गे पितळखोऱ्याला जायचे, लेणी पाहायची, तिथून वाटाड्या घेऊन पायी पाटणादेवीच्या खोऱ्यात उतरायचे आणि गाडीने तेवढ्यात घाट उतरून खाली येऊन थांबायचे. वनखात्याची परवानगी आधीच काढली होती. मंडळी चार : मी, आमचे मित्र, त्यांचा तेरा वर्षांचा चिरंजीव आणि रानाजवळच्या वस्तीवरचा वाटाड्या, विशीतला तरतरीत पोरगा.

त्या वस्तीवर चहा झाला. पोरग्याचे आजोबा बाजेवर बसले होते. वय ऐंशीच्या घरात, नजर मात्र ससाण्याची. त्यांनी आधी चिरंजीवांची अर्धी चड्डी पाहिली, मग माझी काळी पँट पाहिली, आणि विचारले, "मास्तर, रानात चाललात का लग्नाला?"

म्हातारबाबा लहानपणी हाकाऱ्यांत होते. हाकारे म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगावे लागेल. साहेब मचाणावर बसायचा आणि पन्नाससाठ माणसे डबे बडवीत, आरडाओरडा करीत, रानाच्या एका अंगाने जनावर त्याच्या बंदुकीपुढे हाकलीत आणायची. साहेबाला कातडे मिळायचे. यांना दिवसाची मजुरी आणि छातीइतक्या गवतातून चालण्याचा प्रसाद.

"वाघाचं काय नव्हतं," बाबा म्हणाले, "वाघ आमच्या आधी पळायचा. तरास तो गोचिडीचा. साहेबाच्या कुत्र्यांच्या गोचिडी काढाया एक माणूस पगारी होता. आमच्या घरी गेल्यावर कंदिलापुढं माय काढायची."

साहेबाचे नाव त्यांना आठवत नव्हते. कुत्र्यांची दोन्ही नावे आठवत होती.

मग त्यांनी आम्हांला रान कसे चालावे ते सांगितले. मी अनेक व्याख्याने ऐकली आणि दिली. इतके थोडक्यात आणि इतके नेमके क्वचित ऐकले. वाटेच्या मधोमध चाला, कडेच्या गवताला अंग घासू नका, कारण जनावर जिथून जाते तिथल्याच पात्यावर ती बसलेली असते. पांढरे नेसा; पांढऱ्यावर ती दिसते. (हाकाऱ्यांची धोतरे पांढरी असत ती गरिबीमुळे, असे मी समजत होतो. त्यांत हाही एक उपयोग होता.) पायाला करंजाचे तेल चोळा. आणि सर्वांत महत्त्वाचे : "सावली बघून बसू नगा. तुमाला जी सावली ग्वाड वाटती ती गुरांनाबी ग्वाड वाटती. गुरं बसली तिथं माणसानं बसू नये."

या शेवटच्या वाक्यात गोचिडीचे अर्धे शास्त्र आहे. उरलेले अर्धे पुढच्या वाटचालीत आमच्या पदार्थविज्ञानवाल्यांनी सांगितले; त्यांचे वाचन चौफेर आहे आणि श्रोता मिळाला की ते सोडीत नाहीत. गोचीड उडत नाही. उडीही मारीत नाही. झाडावरून अंगावर पडते हा आपला समज. ती खालूनच येते. गोचीड म्हणजे किडा नव्हे, कोळ्या-विंचवाच्या गणगोतातली. अंड्यातून निघते तेव्हा सहा पायांची असते, पुढे कात टाकून आठ पायांची होते. आयुष्यात मोजकी जेवणे. पुष्कळ जातींत तर तीनच, आणि प्रत्येक जेवण नव्या यजमानाकडे. पहिल्यांदा एखादा उंदीर किंवा ससा, मग आणखी कोणी, शेवटी गाय, सांबर किंवा रानडुक्कर. दोन जेवणांच्या मध्ये महिनोन्‌महिने उपास. शेवटचे जेवण झाले की मादी टपोऱ्या एरंडाच्या बीसारखी फुगते, गळून पडते, हजारांनी अंडी घालते आणि मरते.

हिची शिकारीची रीत मचाणावरच्या साहेबाची आहे. गवताच्या पात्यावर, गुडघ्याच्या उंचीपर्यंत चढायचे, मागच्या पायांनी पाते धरायचे आणि पुढचे दोन पाय हवेत पसरून बसायचे. त्या पुढच्या पायांवर बारीकसे इंद्रिय असते. आपल्या श्वासातला वायू, अंगाची ऊब आणि घामाचा वास त्याला लांबून कळतो. जनावर घासून गेले की झाले. पाय अडकवले आणि चढली. मग सावकाश, तास तासभर अंगावर हिंडून मऊ, ओलसर, झाकलेली जागा शोधते : काखेत, कमरपट्ट्याखाली, जांघेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांच्या कडेला. तिथे सोंड रुतवते. लाळेत बधिर करणारे द्रव्य असल्याने दुखत नाही, खाजत नाही. आपल्याकडे एखाद्याला 'गोचिडीसारखा चिकटला' म्हणतात, ते उगीच नव्हे. पुष्कळ जातींच्या गोचिडी लाळेचा सिमेंटासारखा लेप घालून स्वतःला कातडीत अक्षरशः चिणून घेतात.

सगळ्याच मात्र वाट पाहत बसणाऱ्या नसतात. आमच्याकडच्या गुराढोरांवर आढळणारी हायलोमा नावाची जात आहे. तिच्यातल्या काही मोठ्या झाल्या की जमिनीतल्या फटीतून निघून सावजामागे चक्क धावतात. हाका आणि मचाण, दोन्ही पद्धती यांना माहीत आहेत म्हणायच्या!

पितळखोऱ्याची लेणी पाहून झाली. इसवीसनाच्या आधीची ही लेणी. पायथ्याला खांद्याला खांदा लावून उभी असलेली हत्तींची रांग अजून डोळ्यांपुढे आहे. इथला एक खुजा, हसरा यक्ष दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर तो घडवणाऱ्याचे नाव आहे, कण्हदास, धंद्याने सोनार. ज्याने घडवले त्याने तळहाताएवढ्या जागेत सही केली आणि ज्याने नुसते पाहिले त्याने अजिंठ्याच्या खांबावर! पण हे विषयांतर झाले.

उतार सुरू झाला आणि गवत कमरेला लागले. पाऊस नुकताच संपलेला, पाती पिकून पिवळी होऊ लागलेली. निघण्यापूर्वी बाबांच्या सूनबाईंनी चिरंजीवांना थोरल्या नातवाचा पांढरा पायजमा दिला होता; आम्ही पायजम्या-पँटींची टोके मोज्यांत खोचली होती. दिसत होतो सर्कशीतल्यासारखे. मित्रांनी घरून आणलेले औषध कपड्यांवर आदल्या दिवशीच फवारून वाळवले होते. परमेथ्रिन त्याचे नाव. ते कपड्याला लावायचे, कातडीला नव्हे, आणि मांजराच्या जवळपास ओले असताना ठेवायचे नाही, कारण मांजराला ते विष आहे. उघड्या हातांना, मानेला डासांचे मलम, डीट असलेले. पायजमा मात्र उसना आणि ऐनवेळचा. त्याला कसलाच फवारा नव्हता.

एका वळणावर मोठे भोकराचे झाड, खाली गार सावली आणि गुराख्यांनी बसून बसून गुळगुळीत केलेला दगड. उन्हाने आम्ही भाजलो होतो. मित्र पिशवी उतरवणार एवढ्यात वाटाड्या म्हणाला, "सर, खाली बघा." शेणाचे वाळलेले पो, खुरांनी उकरलेली माती. गुरांची दुपारची बैठक ती! आम्ही मुकाट्याने पुढे जाऊन उघड्या खडकावर उन्हात डबे सोडले. पोळी-भाजी इतकी तापली होती की घरूनही इतकी गरम क्वचितच मिळते.

तिथेच पहिली तपासणी झाली. चिरंजीवांच्या पांढऱ्या पायजम्यावर गुडघ्याखाली कोणी तपकिरी मोहरी सांडावी तसे दिसले. नीट पाहिले तर मोहरी चालत होती. मोहरीहूनही बारीक, सहा पायांची पिल्ले, एका पात्यावरून एकदम शे-दीडशे आलेली. काळ्या पँटीवर माझ्या किती होत्या, देव जाणे. मित्रांनी चिकटपट्टीची गुंडाळी काढली आणि पट्टी दाबून दाबून सगळी उचलली. पोराला भीती वाटेल असे मला वाटले होते. त्याने बापाचा कॅमेरा मागून घेतला आणि जवळून छायाचित्रे काढली.

वाटाड्याच्या पोटरीला मात्र एक मोठी रुतून बसलेली निघाली. त्याने सवयीने बिडी पेटवली. चटका दिला की सोडते, असा सगळ्या गावांचा अनुभव. कोणी रॉकेल लावतात, कोणी तेल, कोणी चुना. मित्रांनी त्याचा हात धरला. चटका दिला की ती सुटतेही कदाचित, पण सुटण्याआधी घाबरून पोटातले आणि लाळेतले सगळे आपल्या रक्तात ओकू शकते. आजार असतो तो त्या ओकारीत. त्यांनी बारीक टोकाचा चिमटा काढला, कातडीला अगदी चिकटवून गोचीड तोंडाशी धरली आणि न पिळता, न हिसडता, सरळ वर, एकाच संथ जोराने ओढली. ती निघाली. बोटांत चिरडायची नाही, चिकटपट्टीत गुंडाळली. जखम साबणाने धुतली. सगळे मिळून मिनिटभराचे काम. वाटाड्याने विझलेली बिडी कानावर ठेवली आणि म्हणाला, "सर, हा चिमटा किती रुपयांना?" मित्रांनी तो त्याला देऊनच टाकला.

दुपार कलता कलता पाटणादेवीला पोहोचलो. शिलालेख पाहिला. त्यावर मी अर्धा तास बोललो असे मित्र म्हणतात. मला ती पाच मिनिटे वाटली. तो मजकूर दुसऱ्या एखाद्या अंकासाठी राखून ठेवतो.

घरी आल्यावर रात्री नऊ वाजता आमच्याकडे आणि मित्रांकडे एकच कार्यक्रम. कपडे थेट उकळत्या पाण्यात. गार पाण्यात ती मरत नाही, उष्णतेने आणि कोरड्या तापाने मरते. म्हणून जे उकळता येत नाही ते दुसऱ्या दिवशी कडक उन्हात. मग गरम पाण्याने अंघोळ आणि दिव्याखाली डोक्यापासून पायापर्यंत शोध. आमच्या सौभाग्यवतींनी माझी पाठ इतक्या बारकाईने तपासली की लग्नानंतर इतके लक्ष माझ्याकडे प्रथमच गेले असावे. मी निर्दोष सुटलो. चिरंजीवांच्या उजव्या कानामागे, केसांच्या कडेला, त्याच्या आईला एक सापडली. तिळाएवढी, पण चांगली रुतलेली. बहुधा पहाटेपासूनची. तिने चिमट्याने काढली, मुलाला शाबासकी दिली आणि भिंतीवरच्या कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात लिहिले : 'गोचीड, उजवा कान.' दूध, गॅस, मोलकरणीचा खाडा आणि त्यांच्या ओळीत गोचीड.

त्या दोन शब्दांचे मोल वसुबारसेच्या दिवशी कळले. गाईवासराची पूजा आटोपली आणि संध्याकाळी पोराला सणसणून ताप भरला. डोके दुखते, अंग दुखते, उजेड नको वाटतो. त्या दिवसांत गावात तापाची साथच होती; घरोघर कोणी ना कोणी पांघरूण घेऊन पडलेले. धनत्रयोदशीला सकाळी बहिणाबाईंनी (मित्रपत्नीला मी बहीण मानतो) मुलाला दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांनी नाडी धरण्यापूर्वीच सांगितले, "काही दिवसांपूर्वी हा गौताळ्याच्या रानात होता, कानामागून गोचीड काढली आहे, ही तारीख."

डॉक्टरांनी कान वळवून पाहिला. गोचीड होती तिथे जळक्या बिडीने डागावे तशी काळी खपली धरली होती. त्यांनी रक्त तपासायला पाठवले, पण अहवालाची वाट पाहिली नाही; डॉक्सिसायक्लिन त्याच तासाला सुरू केले. हा ताप रिकेट्सिया नावाच्या अतिसूक्ष्म जंतूंचा. तो साध्या तापासारखा येतो, तीनचार दिवसांनी मनगटांवर, घोट्यांवर, तळहातांवर आणि तळपायांवर पुरळ उठते. म्हणून त्याला ठिपक्यांचा ताप म्हणतात. वेळेवर हे औषध मिळाले तर दोन दिवसांत उतरतो. ओळखलाच नाही तर मूत्रपिंड, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत जातो, आणि माणूस दगावतोही. नेहमी तापाला देतात ती पुष्कळशी प्रतिजैविके त्याला चालत नाहीत. सगळी मेख ओळखण्यात. आणि ओळखायचे कशाने, तर पुष्कळदा रुग्णाने सांगितलेल्या एका गोष्टीने. विदर्भात अकोल्याच्या बालरोगतज्ज्ञांनी २०११ साली मुलांतला हा ताप लवकर ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत सुचवली. गोचिडीशी संबंध आला होता का, या प्रश्नालाही तीत गुण आहेत. परीक्षक म्हणून उभे आयुष्य गेले, पण इतका मोलाचा गुण मी कोणाला दिलेला नाही.

यासाठी रानातच जायला हवे असेही नाही. शहरातल्या कुत्र्यांवर जी तपकिरी गोचीड असते तीही हा ताप पसरवते. गच्चीवर, जिन्याखाली, कुत्र्याच्या गोणपाटात तिचे संसार असतात.

गोचिडीने ताप येतो हे शास्त्राला कळून फार दिवस झाले. डास आणि हिवताप यांचे नाते रॉसने १८९७ साली निजामाच्याच राज्यात, सिकंदराबादेत दाखवले, हे आपण शाळेत शिकतो. त्याच्या चार वर्षे आधी, १८९३ मध्ये, थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या अमेरिकन शास्त्रज्ञांनी गुरांचा एक ताप गोचिडी पसरवतात हे सिद्ध केले होते. ते मात्र कोणी शिकवीत नाही, बहुधा गुरांचा ताप म्हणून. आपल्या जवळचे उदाहरण १९५७ सालचे. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे पटापट मरू लागली आणि पाठोपाठ माणसे तापाने पडू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचे मूळ शोधून काढले : रानातल्या गोचिडी. तोच माकडताप २०१५ साली गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गात, येऊन ठेपला. तिथे कोणी शिकारीला किंवा सहलीला जात नाही. काजूच्या दिवसांत बायामाणसे पालापाचोळ्यात वाकून बोंडे वेचतात आणि डोळ्यांना दिसतील न दिसतील अशा गोचिडी हातापायांना लागतात. हा ताप विषाणूचा; त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखे रामबाण औषध नाही. अंगाला लावायचे तेल, झाकलेले अंग, घरी आल्यावर गरम पाण्याची अंघोळ आणि मेलेले माकड दिसले की आरोग्य खात्याला कळवणे, एवढीच हत्यारे. रविवारी रानात जाणाऱ्या आमच्यासारख्याला मोज्यात पायजमा खोचणे ही एका दिवसाची गंमत असते. बागेत रोज जाणाऱ्या बाईला मोजे कुठले?

गोचिडीच्या बाबतीत आपल्या बाजूने एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेळ. चढल्यापासून रुतेपर्यंत वेळ जातो, आणि रुतल्यावरही पुष्कळशा आजारांचे जंतू रक्तात उतरायला काही तास घेतात. काही विषाणूंना मात्र तेवढाही धीर नसतो. म्हणून दुपारी एकदा आणि रात्री एकदा शोध. आणि पुढचे दोनतीन आठवडे ताप आला तर डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यांत आधी ती तारीख. बाबांची माय कंदिलापुढे बसून हेच करीत होती, फक्त तारीख लिहायला तिच्याजवळ पाटी नव्हती.

चिरंजीवांचा ताप लक्ष्मीपूजनाच्या रात्री उतरला. फटाके हुकले त्याचे त्याला दुःख. अनारशांवर ते भरून काढले गेले. त्याने काढलेले पिल्लांचे छायाचित्र त्यांच्या दिवाणखान्यात लागले आहे. बापाने पंधरा वर्षांत टिपलेल्या एकाही पाखराला ती भिंत मिळालेली नाही, याचे आमच्या मित्रांना मनातून वाईट वाटते.

भाऊबीजेला वाटाड्या शहरात आला होता, बहिणीकडे. पोराची चौकशी करायला घरी आला. बाबांनी त्याच्याबरोबर डोंगरातली सीताफळे पाठवली होती, डोळे उघडलेली, मधासारखी. पळसाच्या पानांत आणि वाळलेल्या गवतात नीट रचून, टोपलीभर. मी उठून टोपली घ्यायला गेलो, तोच आतून आमच्या सौभाग्यवतींचा आवाज आला, "सीताफळं तेवढी वेचून आत आणा. गवत आणि टोपली अंगणात, उन्हात!" वाटाड्या हसला, टोपली स्वतःच उचलून उन्हात ठेवून आला, आणि मग आपला पायजमा झटकून उंबरठ्याच्या आत आला.